पिल्लाचा पहिला धडा : नगरच्या माळावरील कुत्रा, ससाणा आणि तित्तिर

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने अहमदनगरच्या मुलखात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस पक्षी झाले. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा खरा अर्थ कळतो.

त्याच काळात इंग्रज शिकारी आपल्या कुत्र्याच्या पिल्लाला पक्ष्यांची पहिली ओळख करून देताना एक गोष्ट सर्वांत आधी शिकवीत असत. ती म्हणजे थांबणे. पक्ष्याचा वास आला की थांब, पक्षी उडाला तरी धावू नकोस, बंदूक वाजली की जागच्या जागी बस.

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या माळावर कोवळ्या जनावराला पक्ष्यासमोर उभे करण्याची ही विद्या किमान तीन निरनिराळ्या हातांनी जोपासली. ससाणे पाळणारे दरबारी, छावणीतले साहेब आणि फासेपारधी. तिघांचे धडे आश्चर्य वाटावे इतके सारखे आहेत. त्यांच्या वाट्याला आलेला न्याय मात्र अजिबात सारखा नाही.

आधी माळ समजून घेतला पाहिजे. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेर, नेवासे हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उथळ मुरमाड जमीन, तिच्यावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते, मधून मधून हिवर, बाभूळ आणि बोरीची झुडपे. खोलगट काळ्या जमिनीत रब्बीचा जोंधळा, हरभरा, करडई. परक्याला ही जमीन ओसाड वाटते. इंग्रजांच्या महसुली दप्तरात अशा जमिनीची गणना ‘पडीक’ म्हणून होई.

पक्ष्यांच्या लेखी मात्र हा भरला वाडा होता. माळढोक आणि तणमोर, राखी तित्तिर आणि रंगीत तित्तिर, ठरलेल्या वेळी थव्याने पाण्यावर येणाऱ्या पखुर्ड्या, पावसाळ्यात गवतातून घुमणारे लावे. अणि या सर्वांत कुत्र्याच्या शिक्षणाला सर्वांत उपयोगी असा एक बुटका, मातकट लावा. खडकाळ माळावर राहणाऱ्या या लाव्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम विल्यम हेन्री साइक्सने १८३२ मध्ये प्रसिद्ध केले.

हा साइक्स मोठा उद्योगी माणूस. एल्फिन्स्टनने त्याला १८२४ मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार नेमले आणि पुढची काही वर्षे त्याने पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड हे जिल्हे पालथे घातले. पिके, जमिनी, माणसे मोजता मोजता त्याने पक्षी आणि प्राणीही मोजले. रानकुत्र्याचे ‘कोळसुन’ हे मराठी नावसुद्धा त्याच्याच नोंदीतून युरोपात पोहोचले.

साइक्सने दख्खनच्या पाळीव कुत्र्यांविषयीही लिहिले आहे. गावकुसाबाहेरचा गावठी कुत्रा आणि वंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर फिरणारा उंच, इराणी शिकारी कुत्र्याची आठवण करून देणारा वंजारी कुत्रा. आजचे कारवान आणि पश्मी याच कुळीचे मानतात. हे सारे कुत्रे नजरेने शिकार करणारे. ससा किंवा कोल्हा दिसला की वाऱ्यासारखे सुटायचे, हे त्यांचे काम.

गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास घेऊन, त्याला न उठवता, मूर्तीसारखा उभा राहणारा कुत्रा दख्खनमध्ये मुळात नव्हता. त्याची गरजही पडली नाही. पक्षी धरण्यासाठी इथे दुसरी दोन साधने फार जुनी होती : ससाणा आणि फास.

ससाण्याची परंपरा ग्रंथबद्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद आणि सारमेयविनोद, म्हणजे ससाण्यांचा खेळ आणि कुत्र्यांचा खेळ, असे स्वतंत्र विषय आहेत. लाव्यांच्या झुंजीही त्यात आहेत. पुढे सुलतानांच्या राजवटीत या खेळावर फारसी शब्दांचा साज चढला. बाज, बहिरी, शाहीन, शिकरा ही नावे मराठीने तेव्हापासून आपली मानली.

निजामशाहीची लेक चांदबिबी हिची दख्खनी शैलीतली जी चित्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत ती घोड्यावर स्वार आहे आणि तिच्या हातावर ससाणा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले असे एक चित्र सुमारे १७०० सालचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेले. १५९५-९६ मध्ये मुघल फौजेपुढे नगरचा किल्ला लढवणारी ही स्त्री लोकांच्या स्मरणात तलवारीपेक्षा ससाण्यासह अधिक काळ राहिली, हे लक्षणीय आहे.

हातावर शांत बसलेला तो पक्षी तिथवर येण्यामागे महिन्यांची मेहनत असे. नव्या ससाण्याच्या पापण्या आधी दोऱ्याने टाचून डोळे मिटवीत. मग दिवसरात्र त्याला हातावर घेऊन बसत, माणसांच्या आवाजात फिरवीत, घास हातावरच भरवीत. हळूहळू दोरा सैल करून त्याला जग दाखवीत. डोळे उघडल्यावर चामड्याची टोपी. ती काढली की शिकार, घातली की विश्रांती, हे पक्ष्याच्या अंगवळणी पाडीत.

यानंतर येई पहिल्या सावजाची भेट. तिला हिंदुस्थानी शिकारी ‘बावली’ म्हणत. जिवंत पक्षी दोरी बांधून, ससाण्याला हमखास पकडता येईल अशा रीतीने सोडायचा. नव्या ससाण्याने पहिल्याच झेपेला हार खाल्ली, तर तो पुढे त्या जातीच्या पक्ष्यावर जाण्यास कचरतो, असा अनुभव होता. म्हणून पहिली लढाई जिंकलेलीच द्यायची. आजच्या वाचकाला हा प्रकार क्रूर वाटेल, आणि तो क्रूर होताच. मात्र शिकवणाऱ्याची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

मराठेशाहीत या नादाला सर्वांत मोठा आश्रय मिळाला तो साताऱ्यास. शाहू महाराजांचे बालपण आणि तारुण्य मुघल छावणीत गेले. बादशाही शिकारीचा थाट त्यांनी तिथे जवळून पाहिला असणार. १७३९ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास आला, तेव्हा महाराजांनी त्याच्याकडे टर्की कोंबड्या, बसऱ्याची कबुतरे आणि नवलाचे पक्षी मागितले होते. राजकारणाच्या भेटीत पक्ष्यांची मागणी करणारा छत्रपती विरळाच.

त्यांचा खंड्या नावाचा कुत्रा तर मराठी माणसाला ठाऊकच आहे. वाघापासून धन्याचा जीव वाचवणारा, दरबारात मान मिळवणारा खंड्या. संगम माहुलीला आजही त्याची समाधी दाखवतात. पण खंड्याची कीर्ती धन्याच्या रक्षणाची आहे. पक्ष्यासमोर थबकणारा कुत्रा ही गोष्ट दख्खनला कळली ती इंग्रजी पलटणींबरोबर.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पेशवाई बुडाल्यावर जिल्हा कायमचा कंपनीकडे गेला आणि भिंगारला लष्करी छावणी वसली. छावणीत तरुण अधिकारी, हाताशी मोकळा वेळ, आणि कोसभर बाहेर पडले की तित्तिरांचे माळ. विलायतेहून पॉइंटर आणि स्पॅनिएल येऊ लागले. त्यांची निगा राखणाऱ्या नोकराला साहेबलोक ‘डोरिया’ म्हणत. हातात कुत्र्यांची दोरी असणारा, म्हणून डोरिया.

या कुत्र्यांच्या थबकण्यामागेही एक इतिहास आहे, आणि तो बंदुकीहून जुना आहे. युरोपात असे कुत्रे प्रथम घडवले गेले ते जाळ्यासाठी आणि ससाण्यासाठी. कुत्र्याने पक्षी हेरून दबा धरायचा, मग माणसांनी वरून जाळे ओढायचे, किंवा ससाणा आकाशात चढेपर्यंत थांबायचे. कुत्रा आधीच धावला तर पक्षी उडाला आणि खेळ संपला. म्हणजे पॉइंटरचा संयम हा मुळात फासेपारध्याच्याच कामाचा गुण होता.

हे शिक्षण कसे देत, याची तपशीलवार मांडणी विल्यम नेल्सन हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केली. त्या शतकात इंग्रजी जाणणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये ते फार वाचले गेले. त्याचा गाभा असा की पिल्लाचे खरे शिक्षण घरात होते. रानात फक्त त्याची परीक्षा असते.

आठ-दहा आठवड्यांचे पिल्लूसुद्धा सुतळीला बांधलेल्या पिसासमोर पाय उचलून थबकते. तो रक्ताचा गुण. तो शिकवावा लागत नाही, आणि नसेल तर शिकवता येत नाही. शिकवायचे ते यापुढचे. थाळी समोर ठेवायची, हात वर करायचा, पिल्लाला थोपवायचे आणि हात खाली आल्यावरच खाऊ द्यायचे. ‘टोहो’ म्हटले की थांबायचे. अंगणातल्या कोंबड्यांमागे धावू द्यायचे नाही. एकदा त्या धावण्याची गोडी लागली की ती जाता जात नाही.

बंदुकीचा आवाजही टप्प्याटप्प्याने. पिल्लू जेवणात दंग असताना प्रथम लांबवर बार काढायचा, रोज थोडे जवळ यायचे. आवाज म्हणजे काहीतरी चांगले घडणार, अशी त्याची समजूत झाली पाहिजे. उतावळ्या मालकाने पहिल्याच दिवशी कानाजवळ बंदूक झाडली, तर उत्तम रक्ताचे पिल्लूही जन्मभरासाठी वाया जाई. बार ऐकताच शेपूट घालून घराकडे पळणारा कुत्रा शिकारीस निरुपयोगी.

मग माळावरचा पहिला दिवस. गळ्यात लांब दोरी. वारा समोरून येईल असे पाहायचे, कारण पिल्लाला डोळ्यांपेक्षा नाकाने पक्षी कळला पाहिजे. पिल्लू डावी-उजवीकडे नागमोडी धावू लागते. मध्येच मान वळते, अंग ताठ होते, शेपूट सरळ. या क्षणी ओरडायचे नाही आणि धावायचेही नाही. दोरीवर पाऊल ठेवून हळूच जवळ जायचे, पाठीवर हात फिरवायचा आणि त्याला तसेच उभे राहू द्यायचे. जितका वेळ उभे राहील तितके चांगले.

पक्षी उडाला की पिल्लू झेपावणारच. दोरी तिथे काम करते. आणि पहिल्या काही दिवसांत गोळी झाडायचीच नाही. पिल्लू पुरते स्थिर झाले, उडणाऱ्या पक्ष्याकडे नुसते पाहत उभे राहू लागले, तरच त्याच्यासाठी एक पक्षी पाडायचा. चुकलेल्या पिल्लासमोर पक्षी पाडणे म्हणजे चुकीला बक्षीस देणे.

विलायतेत हे धडे वसंत ऋतूत देत, तित्तिरांच्या जोड्या जमून ते दबून बसतात तेव्हा. नगरला ते वेळापत्रक कुचकामाचे. इथे हिवाळ्याच्या पहाटे गवतावर दव असते तेवढाच वेळ वास टिकतो. ऊन चढले, जमीन तापली, हवा कोरडी झाली की तेच नाक आंधळे. शिवाय पायात बाभळीचा काटा, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत कुसळ, अंगावर गोचिड्या. विलायती कुत्री इथल्या उन्हाने आणि रोगांनी पटापट मरत. म्हणून पुष्कळांनी पॉइंटरचा हट्ट सोडून झुडपात घुसणारा काटक स्पॅनिएल पसंत केला.

साइक्सचा तो बुटका लावा इथे कामी येई. हे लावे आठ-दहाच्या टोळीने झुडपाखाली दडतात आणि अगदी पाय पडेपर्यंत हलत नाहीत. मग एकदम फर्रर्र आवाज करून चहूकडे उधळतात, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात उतरतात. पिल्लाला वास घ्यायला, थबकायला आणि मोहाला बळी न पडायला याहून चांगला गुरू नाही. एका सकाळी त्याच टोळीवर चार-पाच वेळा धडा गिरवता येई.

या सगळ्यात माळढोक कुठे बसतो? कुठेच नाही. चार फूट उंचीचा, दूरवर पाहणारा तो पक्षी कुत्र्याला जवळ येऊ देत नाही. त्याच्या शिकारीची युक्ती वेगळी होती. शेतकऱ्याच्या बैलगाडीला तो भीत नसे. तेव्हा गाडीत किंवा गाडीच्या आडोशाने बंदुकीच्या टप्प्यात जायचे. ज्या गावकऱ्यांच्या गाडीवर त्याचा विश्वास होता, त्याच गाडीने त्याचा घात केला.

तणमोराचे तर त्याहून वाईट. ऐन पावसाळ्यात, विणीच्या हंगामात, नर गवताच्या वर दिवसातून शेकडो वेळा उंच उड्या मारतो. मादीला दिसावे म्हणून मारलेली ती उडी शिकाऱ्यालाही दिसे. नगर, नाशिक, सोलापूर हे तेव्हा त्याच्या विणीचे जिल्हे होते. विणीतल्या या हत्येविरुद्ध खुद्द इंग्रज पक्षितज्ज्ञांनीच एकोणिसाव्या शतकात खंत नोंदवली. कुत्र्याला हंगाम कळत नाही हे समजण्यासारखे आहे. बंदूकवाल्याला तो पक्का ठाऊक होता.

आता तिसरा हात. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात फासेपारध्यांची वस्ती जुनी आहे. नावातच साधन आहे : फासे. केसांचे किंवा तातीचे फास काटक्यांना बांधून गवतातल्या पाऊलवाटांवर ओळीने लावायचे आणि पक्ष्यांना न घाबरवता, हळूहळू, त्यांच्या चालीने तिकडे वळवायचे. घाबरलेला पक्षी उडतो, निवांत पक्षी चालत जातो. फास चालणाऱ्या पक्ष्यासाठीच असतो. गुरामागे दडून सावजाजवळ जाण्याची त्यांची पद्धतही इंग्रजी नोंदींत सापडते.

कुत्र्याच्या पिल्लाची जागा इथे तित्तिराचे पिल्लू घेई. राखी तित्तिराचे पिल्लू लहानपणीच धरून वाळवी चारून वाढवायचे. माणसाच्या हाताची, खांद्यावरच्या पिंजऱ्याच्या हिंदकळण्याची त्याला सवय लावायची. पिंजऱ्यावर फडके. पहाटे माळावर नेऊन फडके बाजूला केले की नर बांग देतो. त्या परिसराचा मालक असलेला रानटी नर हे आव्हान ऐकून तरातरा चालत येतो, आणि पिंजऱ्याभोवतीच्या फासात अडकतो.

येथेही कसोटी धीराची. रानटी नर समोर आला की बुजून गप्प होणारा तित्तिर निकामी. शत्रूला जवळ पाहूनही बांग देत राहणारा तो खरा. आणि माणसाने तोवर श्वास रोखून बसायचे. ससाणेवाल्याची टोपी, साहेबाची दोरी आणि पारध्याचे फडके, तिन्ही वस्तू एकाच कामाच्या आहेत : योग्य क्षण येईपर्यंत आवरून धरणे.

तीन विद्यांपैकी फासेपारध्याची विद्या कोणी ग्रंथात घातली नाही. तिची दखल घेतली ती पोलिसांनी. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरले आणि मुंबई इलाख्यात त्याची अंमलबजावणी जोरात झाली. हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांमागची सेटलमेंट. ज्याचे पोट माळावर फिरण्यावर होते, त्याचे फिरणेच गुन्हा ठरले.

पक्ष्यांसाठीही कायदे झाले. १८८७ च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात मारलेले पक्षी बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घालण्याची सोय केली. विकत कोण होते, तर पारधी. खात कोण होते, हे त्या कायद्याने फारसे विचारले नाही. पिंजऱ्यातला तित्तिर बाजारात आणणारा कायद्याच्या कक्षेत आला. बंदूक खांद्यावर घेऊन माळावर गेलेला ‘स्पोर्ट्समन’ राहिला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. शिक्का मात्र माणसांच्या बोलण्यात शिल्लक राहिला, आणि १९५९ च्या मुंबईच्या सराईत गुन्हेगार कायद्याने संशयाला नवे नाव दिले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही प्रथम लहान शिकारीचे परवाने होते. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. आज या कायद्यात फास लावणे, हाका घालणे, आमिष दाखवणे हे सर्व ‘शिकार’ या व्याख्येत बसते. तेव्हा रानपक्ष्यावर कुत्र्याचे पिल्लू तयार करणे हेही आता या देशात कायद्याने शक्य नाही.

कायदा योग्यच आहे. मात्र परवाना गेलेल्या साहेबी परंपरेच्या वारसाला टेनिस, गोल्फ आणि डॉग शो उरले. फासेपारध्याला ऊसतोड, वीटभट्टी किंवा पुन्हा पोलीस ठाणे. माळावरचे प्रत्येक पाऊल, प्रत्येक पीस ओळखणारी त्याची नजर रक्षणाच्या कामी मोठ्या प्रमाणावर कधी घेतली गेली नाही.

माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. एवढ्या क्षेत्रात गावे, शहरे, रस्ते, कारखाने सारेच आले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आटोपते घेतले गेले. तोवर माळाचे रूपच पालटले होते. कालवे, विंधनविहिरी, ऊस, वृक्षारोपणाच्या नावाखाली गवतात लावलेली झाडे, आणि समोरचे नीट न दिसणाऱ्या या जड पक्ष्याच्या वाटेतल्या विजेच्या तारा. मॅन्सफील्डच्या बंदुकीने सुरुवात केली. शेवट एकट्या बंदुकीने झालेला नाही. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, बहुतेक सारे राजस्थानात.

कर्जतजवळच्या रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आहे, अवघे २.१७ चौरस किलोमीटर. जुन्या माळाचा तो एक तुकडा. अशा तुरळक उरलेल्या गवतांना आता भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा उपद्रव आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी त्या हुंगून काढतात, पिल्ले फस्त करतात. त्यांच्या मागे त्यांचीही पिल्ले असतात. ती थोरल्यांचे पाहून गवतात नाक खुपसायला शिकतात. वास आला की थबकत नाहीत. त्यांच्या गळ्यात दोरी नसते, आणि पुढे होऊन दोरीवर पाऊल ठेवणारे कोणी नसते.